चूक सांगायला दारी आलेले सर

प्रा. सदाशिव लोंढे सरांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात हे लिहावे का, असे मी संपादकांना विचारले. ते म्हणाले, "लिहा, सरांना तेच आवडेल." म्हणून लिहिते.

कराडच्या महाविद्यालयात मी पहिल्या वर्षाला होते. विट्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली मुलगी, आणि तोंडाने भारी फटकळ. सरांनी वर्गात विचारले, "महागाई का होते?" मी ताडकन उठून म्हणाले, "दुकानदार लय लोभी हायती म्हणून." सर शांतपणे म्हणाले, "असं? मग गेल्या वर्षी ते साधू होते काय?" सगळा वर्ग खदखदून हसला. रागाने मी चार दिवस शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पाचव्या दिवशी सर तास संपल्यावर तिथे आले. "तुझं उत्तर चुकलं, पण तू उत्तर दिलंस. बाकीचे गप्प होते. पुढं येऊन बस." मी गेले. आज मी स्वतः अर्थशास्त्र शिकवते, पण सरांसमोर अजून पहिल्या बाकावरचीच आहे.

सर मूळचे कडेगावचे. परदेशात शिकायला गेले नाहीत, मोठ्या शहरात नोकरीला गेले नाहीत. पण जगातल्या कुठल्याही मध्यवर्ती बँकेने व्याजदर हलवला, की सरांना त्याचा आमच्या शिवारापर्यंतचा रस्ता दिसत असे. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण जाहीर व्हायचे त्या दिवशी सर नेहमीचा तास बाजूला ठेवत. म्हणत, "मध्यवर्ती बँक म्हणजे पाटकरी. पाटाचं दार तो आज उघडतो, पण शेवटच्या शेताला पाणी पोचायला दिवस जातात. तोवर शिव्या पाटकऱ्यालाच." एवढ्या तीन वाक्यांत त्यांनी जे शिकवले, ते मला पुढे जाड जाड पुस्तकांत शोधावे लागले. मी थक्क होत असे आणि अजूनही होते.

आमच्या भागातली माणसे सोने-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. गलाईवाले म्हणतात त्यांना. गावाच्या यात्रेला मात्र सगळे घरी येतात. माझ्या आग्रहावरून सरांनी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या मंडपात व्याख्यान द्यायला सुरुवात केली. विषय एकच, जगात काय चाललंय आणि पुढे काय दिसतंय. मानधन नाही, हार नाही. आणि त्यांचा एक नेम होता. व्याख्यानाची सुरुवात ते गेल्या वर्षीच्या आपल्या चुकांनी करत. कागद काढायचा आणि वाचायचे, "हे म्हणालो होतो, तसं झालं नाही, कारण असं." पहिल्या वर्षी लोकांना वाटले, म्हातारा गंमत करतोय. पुढे लोक तेवढ्यासाठी वेळेवर येऊ लागले.

एका वर्षी महागाई सगळ्या जगात भडकली होती आणि अमेरिकेची बँक व्याजदर चढवत सुटली होती. गलाईवाल्यांचा प्रश्न ठरलेला, "सर, सोनं कुठं जानार?" सर म्हणाले, "व्याज चढलं, की सोनं सहसा थंडावतं. सोन्याला व्याज मिळत नाही ना."

माझा थोरला भाऊ हणमंतदादा मंडपात पुढेच बसला होता. सोने गाळणाऱ्याला सोन्याचा भावही कळतो, असे आमच्या गावात प्रत्येकालाच वाटते. दादाने कोमलच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या लग्नासाठी शालनवहिनीने वर्षानुवर्षे जमवलेले सोने विकून टाकले. उतरले की जास्त घेऊ, हा हिशेब. सोने थोडे उतरले, दादाने मिशीला पीळ दिला, आणि मग ते असे चढले की बघायची सोय राहिली नाही. त्यातच कोमलचे लग्न ठरले. आता पाटल्या होत नव्हत्या, मोहनमाळ होत नव्हती. वहिनी दादाशी बोलेना आणि माझ्याशीही बोलेना. "तुजा सर," एवढेच म्हणायची, आणि ते शिवीसारखे लागायचे.

मी हे सरांना सांगितले. वर म्हणाले, "सर, तुम्ही 'सहसा' म्हणाला होता. चूक दादाची आहे."

सरांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "सहसा माझ्या तोंडात होतं. त्यांच्या कानापर्यंत मी ते पोचवलं नाही. ही चूक शिकवणाऱ्याची."

दुसऱ्याच दिवशी सत्तरी ओलांडलेला हा माणूस एसटीने आमच्या गावी आला. उंबऱ्याबाहेर उभे राहून सरांनी वहिनीला हात जोडले. "शालनताई, माझ्या बोलण्यानं तुमचं नुकसान झालं. भरून द्यायची माझी ऐपत नाही. पण मी चुकलो, हे तुमच्या दारात येऊन सांगायला हवं, म्हणून आलो." वहिनी आत निघून गेली. पाणीसुद्धा विचारले नाही. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सर तसेच उन्हात स्टँडकडे चालत गेले.

यात्रा आली. मंडप भरला. सरांनी कागद काढला. "सोन्याबद्दल मी चुकलो. मी फक्त व्याज बघितलं. जगातल्या कितीतरी मध्यवर्ती बँका एकमेकींवरच्या अविश्वासानं स्वतःच सोनं घेत होत्या, ते मी तोललं नाही. माझ्या शब्दावर एका घरानं लेकीचं सोनं विकलं."

बायकांच्या बाजूने कोणीतरी उठले. बघते तर शालनवहिनी! डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "आवं सर, तुमी चुकला, ते तुमी सांगितलं. पर त्या अमेरिकेच्या बँका, आपल्या बँका, त्या कवा चुकत न्हाईत व्हय?"

"चुकतात. महागाई दोन दिवसांची आहे म्हणाल्या, तेव्हा सगळ्याच चुकल्या."

"मग त्या कुनाच्या दारात जात्यात?"

सर म्हणाले, "कुणाच्याच नाही, ताई."

वहिनी खाली बसली नाही. "तवा मी तुमाला पानीबी दिलं न्हाई," ती म्हणाली. "आता लग्नाला या. पयल्या पंगतीला बसायचं. न्हाई आला तर बगा!"

कोमलचे लग्न गेल्या वर्षी झाले. गळ्यात मंगळसूत्र आणि हातात हिरवा चुडा, बाकी काही नाही. पाहुण्यांतली एक बाई कुजबुजली, "गलाईवाल्याची लेक आनि अंगावर सोनं न्हाई?" वहिनी तिथूनच कडाडली, "सोनं कवाबी घेता येतं. ही पयल्या पंगतीत बसलेली मानसं कुठं मिळत्यात, सांगा की!" सर खाली मान घालून जेवत होते.

सर, आयात कर, युद्धे, तेल यांनी जग पुन्हा डळमळते आहे. पुढे काय होईल, हे तुम्हालाही नक्की माहीत नाही, आणि तसे तुम्ही आम्हाला सांगता. तुमचे गुडघे धड राहोत, डोळे लख्ख राहोत, आणि तुम्ही शंभरी पार करून आमच्या मंडपात उभे राहा. बिनचूक माणसे जगात पुष्कळ आहेत, सर. त्यांना आमच्या गावचा रस्ता माहीत नाही.