शेवग्याच्या खोडावरचे दात

रेवा, निषाद,

तुम्ही कॉलवर डिंकीचा विषय काढता आणि मी नेट गेल्याचं नाटक करते. म्हणून आता लिहूनच टाकते. हेच एका मासिकाच्या ‘अनुभव’ सदरालाही पाठवणार आहे, तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेलंही थोडं पुन्हा सांगावं लागेल.

जन्मभर मी शाळेत सायन्स शिकवलं. भूत, करणी, नजर यातलं काही कधी मानलं नाही. तुमच्या आजोबांच्या श्राद्धाला गच्चीत पान ठेवते, तेसुद्धा कावळ्यांना भूक लागते म्हणून.

आमची बिल्डिंग भोईवाड्यातली, तीन मजली. मागे फरशी घातलेलं आवार आणि त्यात एकच झाड, शेवग्याचं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्याच्यावर उघडते.

गेल्या थंडीत वरच्या मजल्यावरचा भाडेकरू जागा सोडून गेला. लोअर परळच्या कुठल्याशा ऑफिसात होता. जाताना माझ्या दाराशी एक पिंजरा ठेवून गेला, वर टॉवेल टाकलेला. फोन केला तर म्हणतो, “आंटी, फिंगर मंकी है. रील्स के लिए लिया था. अभी फॉरेस्टवालों की रेड-वेड पड रही है ना... आप तो टीचर हो, संभाल लोगे.”

आत मुठीत मावेल एवढं माकड होतं, मादी. कानांशी केसांचे झुबके, शेपटीवर पट्टे, पाठीवरचे केस मात्र झडलेले. पिंजऱ्यात बिस्किटांचा चुरा. मी बोट पुढे केलं तर तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि सोडेचना.

रेवा, तू स्क्रीनवर तिला पाहिलंस आणि लगेच ओळखलंस. म्हणालीस, “आजी, हे मार्मोसेट आहे. ब्राझीलचं. या जातीचं जंगल जवळजवळ संपलंय गं, आणि ही तुझ्या ओट्यावर? तिचे खालचे दात बघ. त्या दातांनी ती झाडाला भोकं पाडते आणि आतून पाझरणारा डिंक चाटते. तिला डिंक दे.”

“डिंक? लाडवांचा?”

“बाभळीचा ना? तोच!”

लाडवांसाठी आणलेला डिंक कोमट पाण्यात भिजवून लाकडी चमच्यावर धरला. तिने चाटला, आणि संपल्यावर चमचाच कुरतडायला घेतला. नाव तिथेच पडलं – डिंकी.

प्राणी सोडवणाऱ्या एका संस्थेशी बोलले. ते रविवारी येणार होते. मग डॉक्टर, कायद्याप्रमाणे नोंद, आणि पुढे एखाद्या केंद्रात तिच्यासारख्या इतरांबरोबर. रविवारपर्यंत तिला जगवायचं, एवढंच माझ्याकडे होतं. ती जगत होती. चमचा दिसला की पाखरासारखी शीळ घालायची.

समोरच्या दारातली शोभा रोज येऊन हात जोडायची. तुम्ही ओळखता तिला, तुमच्यासाठी कुळीथपीठ देते ती. मालवणची, माझ्याहून लहान, माझ्या आजारपणात रात्री जागलेली.

“बाई, ह्या साधा माकड नाय. मारुतीच इलोहा तुमच्या घराक.”

“मारुतीला पासपोर्ट नव्हता गं. हिला सॉक्समध्ये कोंबून विमानातून आणलंय.”

“तुमचा आपला कायतरीच!”

शनिवारी डिंक संपला. मी आणायला दादरला गेले. घराची किल्ली नेहमीप्रमाणे शोभाकडे. परत आले तर डिंकीच्या कपाळावर शेंदराचं बोट आणि पिंजऱ्यात रुईच्या पानांचा हार. शोभा समोर पाट घेऊन बसलेली, चेहरा नुसता उजळलेला.

“बघा बाई, हार घेतल्यान! देठ मोडून चीक चाटता हा!”

चाटणारच. झाडातून पाझरेल ते चाटायचं, एवढंच त्या जिवाला आईने शिकवलेलं. रुईचा चीक काय असतो हे तिच्या जंगलाला माहीत नव्हतं.

“शोभा, विष आहे ते!”

“असा कसा? मारुतीक चलता...”

डॉक्टरांकडे पोचायच्या आत टॅक्सीतच तिने माझं बोट सोडलं.

रविवारी संस्थेची माणसं आली आणि माझ्या दुपट्ट्यात गुंडाळलेली डिंकी घेऊन गेली. पिंजराही नेला. म्हणजे घरात किंवा आवारात तिचं काहीही उरलं नाही, हे लक्षात ठेवा.

दोन-तीन दिवसांनी खिडकीतून शेवग्याकडे लक्ष गेलं. खोडावर लहान, लांबट भोकं, एकाखाली एक. शेवग्याला जखम झाली की डिंक येतो आणि तिथेच वाळतो. इथे भोकं ओली होती, डिंक मात्र चाटूनपुसून नेलेला. खार असेल, घूस असेल... बुंध्याभोवती रांगोळी चाळून ठेवली. सकाळी रांगोळी जशीच्या तशी, आणि वर नवी भोकं. फोटो तुला पाठवला, रेवा, काही न सांगता. तुझं उत्तर अजून फोनमध्ये आहे – “आजी, तू डिंकीला झाडावर सोडायचीस? मला बोलली नाहीस.”

ती माझ्या घरातून कधी बाहेर गेली नव्हती, बाळा.

पुढचं सांगायची लाज वाटते. भोकं बिल्डिंगला दिसली, आणि मारुती परत आला असं ठरलं. झाडाला शेंदूर लागला, घंटा आली, शनिवारी बाहेरची माणसं रांग लावू लागली. त्या भाडेकरूनेही रील टाकलं म्हणे, ‘माय बेबी इज बॅक’. खाली कमेंटमध्ये जोडलेले हात, शेकड्यांनी. रांगेतल्या एकालाही मी डिंकी इथवर कशी आली ते सांगू शकले असते. कोणी विचारलं नाही. आणि रुईच्या हारांनी खोड झाकलं, त्या दिवसापासून नवं भोक पडलेलं नाही.

शोभा रांगेत उभी राहत नाही. एकदा दारातूनच म्हणाली, “बाई, तिना माका माफ केल्यान असात काय?”

मी दार लावून घेतलं.

डिंकीचा चमचा मी दुपट्ट्यातच ठेवला होता, तो तिच्याबरोबरच गेला. नंतर नवा आणला आणि डिंक लावून खिडकीच्या आतल्या बाजूला ठेवते. खिडकी बंद असते, जाळी धड आहे. डिंक मुंग्या खात असतील, असं मी स्वतःला सांगते. पण चमच्याच्या कडेला बारीक खाचा पडल्या आहेत, जोडीजोडीने. भिंग लावून पाहिल्या. मुंग्यांना दात नसतात, एवढं तर मीच पोरांना शिकवत आले. पुढचं मला सांगता येत नाही.

डिंक पुन्हा संपत आलाय. या वेळी किल्ली बरोबर घेऊन जाईन.

– आजी