जमुनाचा फुलीचा टाका

धाकट्या डहाणूच्या जमुनाला फुलीच्या टाक्यांनी भरतकाम करायचं वेड होतं. धाग्याला गाठ मारलेली तिला खपत नसे. सासू मात्र नवं कापड आणू देत नसे. म्हणून एक नक्षी पुरी झाली की ती उसवून जमुना त्याच कापडावर दुसरी भरायची.

१९६०-६१च्या सुमारास तिचा भाऊ सदानंद आला. “तलासरीत भरतकामाचा वर्ग निघालाय. शिकवायला बाई हवीय. येतेस?”

“मग बोंबील कोण सुकवणार?” सासू म्हणाली.

नवरा चंदर जाळं दुरुस्त करत होता. जमुना त्याच्याकडे बघत राहिली, पण त्यानं मान वर केली नाही.

सदानंद निघाला. जमुना आपलं ते भरलेलं कापड घेऊन दारापर्यंत गेली. “दादा, हे त्या वर्गाला दे. कोणी भरलं, ते सांगू नकोस.”

सदानंद दिसेनासा झाल्यावर ती बोंबील सुकवायला गेली.