पेशीबाहेर अडलेले साहेब

वैजयंती केळुसकरला धीर धरणं मुळातच जमत नसे. वाशीतल्या नव्या फ्लॅटातून एसटीनं जासईच्या शाळेत यायची, तेव्हा बस जणू तीच ढकलत असायची. बी.एस्सी. झालेली, पण शाळेत अजून हंगामीच. १९७९ साली एकदाचे तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब यायचे ठरले. धडा त्यांना पसंत पडला तर नोकरी कायम, नाहीतर जूनपासून घरी.

त्या दिवशी वाट्याला आला पेशीचा धडा. फळ्यावर पेशीपटल, केंद्रक, परासरण सगळं लिहून झालं तरी नववीचे चेहरे कोरेच. वैजयंतीनं खडू फेकला.

"उठा! आपणच पेशी होऊ."

बाकं भिंतीला लागली. निम्म्या वर्गानं हात धरून कडं केलं, ते पेशीपटल. मधोमध स्टुलावर काशी, ती केंद्रक. बारकी मुलं म्हणजे पाणी, ती हातांखालून सुळकन आतबाहेर. शिवा आणि त्याची टोळी मीठ, त्यांना मज्जाव.

"बाई, माझा बापूस मीठ पिकवतंय, अन् मीच भायेर?"

"हो. आणि बाहेर मीठ जास्त झालं की पाणी तिकडेच धावतं. पळा!"

पाणी बाहेर पळालं, कडं आक्रसलं, काशी स्टुलासकट चेपली. मग मीठ मागं हटवलं, पाणी आत शिरलं आणि पेशी फुगून थेट दाराला टेकली. नेमके तेव्हाच साहेब आले, मागे हेडमास्तर.

दारात पटलातल्या गोजरा आणि पुतळा. गोजरानं अडवलं, "पानी का मीठ?"

"मी तपासणीला आलोय!"

"मंग नाय. पटल निवडून घेतं."

हेडमास्तर मागून दोन्ही हातांनी खुणा करत होते. वैजयंतीनं 'सोडा' म्हटलं की साहेब आत. पण मग पोरांना शिकवलं ते खोटंच ना!

"साहेब, मोठे कण आपोआप आत येत नाहीत," ती भराभर म्हणाली. "वाहक लागतो, वर ऊर्जा खर्चावी लागते. गोजरा, पुतळा, आणा त्यांना!"

भाताचे भारे उचलणाऱ्या त्या पोरींनी साहेबांना बखोटीला धरून उचललं आणि काशीशेजारी ठेवलं.

"लय ऊर्जा लागली, बाई," गोजरा धापा टाकत म्हणाली.

साहेबांनी शर्ट सारखा केला.

"आता बाहेर कसा जाऊ?"

"टाकाऊ हाय म्हना, साहेब," शिवा ओरडला, "लगेच सोडतील!"

हेडमास्तरांनी डोळे मिटले. साहेब मात्र इतके हसले की त्यांना स्टूल धरावं लागलं. "हेडमास्तर, बाईंना कायम करा. इथं अडकून राहायचं नाही मला!"

वैजयंतीनं आभारात वेळ घालवला नाही.

"ऐकलंत ना? सोडा त्यांना. तास संपत आला, केंद्रकाचं सगळं राहिलंय."