अनिताच्या मृत्यूची तारीख

साताऱ्याहून निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "परभणीला? तिकडं काय आहे बघायला?" खरं सांगितलं की लोक हातातला चहा खाली ठेवतात, म्हणून मी "काम आहे" एवढंच म्हटलं. माझं काम कॅन्सरच्या नोंदणीचं. कुठल्या तालुक्यात कुणाला कोणता कॅन्सर झाला, उपचार पुरे झाले की मध्येच सुटले, माणूस हयात आहे की मयत, हे घरोघर विचारायचं आणि फॉर्म भरायचा. त्या फॉर्मांवरून वरचे साहेब जिल्ह्याचे आलेख काढतात. अकरा वर्षं हेच करते आहे, आणि माझा समज असा की आता मला कशाचा धक्का बसत नाही.

परभणीहून एसटीने गंगाखेडला उतरले. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवलेला, हवेत मळीचा आंबूस वास. पुढच्या गावाला जीपने गेले आणि उतरताना चपलेचा अंगठा तुटला. मार्चचं ऊन, खाली काळी भेगाळलेली जमीन! तशीच लंगडत निघाले, तर रस्त्यातल्या एका आजींनी पिशवीतून सुतळी काढून चप्पल बांधून दिली. "पुण्याच्या का तुमी?" म्हणाल्या. साताऱ्याची म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा निवळला.

यादीत नाव होतं अनिता. वय चौतीस, स्तनाचा कॅन्सर, शस्त्रक्रिया झालेली, सहा किमोंपैकी चार घेतलेले, पुढे काही खबर नाही. घर सापडलं. ओसरीवर तिची सासू तूर पाखडत होती. मी काही विचारायच्या आतच भिंतीवरचा फोटो दिसला. हिरव्या साडीतली हसरी बाई, फोटोला हार.

"वारली," सासू म्हणाली. "लय जीव लावला आमी. पर देवापुढं कुणाचं चालतं?"

"तारीख आठवते का?"

"तारीख तिच्या भावाला ठाव. माहेरीच वारली ती, पिंगळीकडं." आतल्या दाराशी नऊ-दहा वर्षांची मुलगी उभी होती. तिच्याकडे बघत सासू हळूच म्हणाली, "आरती. तिचीच. एकुलती."

मला गलबलून आलं. सासूने दिलेला चहा कसाबसा प्यायले आणि फॉर्मवर लिहिलं: मयत. तारखेचा रकाना तेवढा रिकामा राहिला.

रिकामा रकाना आमच्याकडे चालत नाही; निदान अंदाजे तरी तारीख लागते, आणि सासूने तीही सांगितली नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी पिंगळीला उतरून अनिताच्या भावाचं, बळीरामचं, घर विचारत विचारत गेले. अंगणात डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली एक बाई मेथी निवडत बसली होती.

"कुणाला शोधायलाव?"

"बळीरामभाऊ आहेत का? त्यांच्या बहिणीच्या मृत्यूची तारीख हवी होती."

"कंच्या बहिणीच्या?"

"अनिताच्या."

बाईने मेथीची जुडी खाली ठेवली. "अवो, मीच अनिता."

खरंच सांगते, मी तिच्या शेजारी धुळीतच बसले. फोटोतलेच डोळे, तोच चेहरा, फक्त खंगलेला. अकरा वर्षांत मी जिवंत माणसाला त्याच्याच मरणाची तारीख विचारली नव्हती.

"कुणी सांगितलं तुमाला?" तिने विचारलं. थाप मारावी असं मनात आलं, पण जीभ उचलेना. सासू, फोटो, हार, सगळं सांगितलं.

ती रडली नाही. "मालकाला दुसरी सोयरीक बघायलेत," एवढंच म्हणाली. "कॅन्सरवाली जिती हाय म्हणल्यावर पोरगी कोण देईल?" मग एकदम माझं मनगट धरलं. "आरतीलाबी तसंच सांगितलं का?"

मी होकाराची मान हलवली. हाताची पकड इतकी घट्ट झाली की माझ्या बांगड्या रुतल्या.

तेवढ्यात बळीराम शेतातून आला. त्याने बाकीचं सांगितलं. आजारी सुनेला माहेरी धाडायचं ही तिकडची जुनीच रीत. तशी अनिता आली, पण रेशन कार्ड सासरीच राहिलं. मोफत उपचाराच्या योजनेला ते अस्सल कार्डच लागतं. त्यावाचून पाचवा किमो अडून दोन महिने झाले. "तीनदा गेलो ताई. रस्त्यावरच अडवून 'सापडंना' म्हणत्यात. डॉक्टर म्हणायलेत, आता उशीर करू नका."

आमचा नियम असा की माहिती घ्यायची, कुणाच्या घरात पडायचं नाही. नियम गेला खड्ड्यात. मी म्हटलं, "मी आणते कार्ड."

"तुमी नका," अनिता उठली. "मी येते."

तिच्या आईने जेवल्याशिवाय सोडलं नाही. धपाटे आणि दही. भूक नव्हती, पण माउलीपुढे नाही म्हणायची छाती झाली नाही. अनिता मात्र दोन धपाटे नीट चावून जेवली. "ताकद लागल," म्हणाली.

अनिता, बळीराम आणि मी, आम्ही तिघं दुपारी तिच्या सासरी पोचलो. सासूच्या हातातलं सूप खाली पडलं, तूर ओसरीभर झाली. "अगं बाई!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"कार्ड द्या, आत्याबाई."

"सापडंना म्हणलं की..."

आतून आरती आली. आईकडे बघत उभी राहिली, जवळ येईना. "तू मेली व्हतीस ना?" तिने विचारलं.

"न्हाई गं बाई. दवाखान्यात व्हते."

पोरगी एकेक पाऊल पुढे आली आणि आईच्या हाताला नुसतं बोट लावून बघितलं. मग आत गेली, पत्र्याचा डबा वाजला, आणि कार्ड घेऊन बाहेर आली. "देवाच्या फळीवर व्हतं. आजीनं ठिवलेलं."

सासू काहीबाही बोलत होती, लोकलाज, पोराचा संसार, असलंच. माझं डोकं फिरलं होतं, मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आम्ही निघालो तेव्हा आरती चपला घालून आमच्या आधीच रस्त्यावर उभी होती.

साताऱ्याला परतल्यावर आठवड्याने बळीरामचा फोन आला: पाचवा किमो झाला. अनिताच्या फॉर्मवरचं 'मयत' मी खोडलं आणि 'हयात' लिहिलं. साहेब म्हणाले, "छान, एक दुरुस्ती." एक! मी कपाटातून जुने गठ्ठे काढले. माझंच वळणदार अक्षर. सून, चाळीस वर्षं, मयत. सून, एकतीस वर्षं, मयत. माहिती देणार: सासू. माहिती देणार: दीर. तारखेपुढे प्रत्येक ठिकाणी मी 'अंदाजे' लिहून पुढच्या घरी गेले होते. नोंद केली त्या दिवशी त्यांच्यातल्या कोण कोण जिवंत होत्या, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.