सातव्या माणसाचं नाव

कुंदाताई खरवंडीकरांना ब्राउनश्वाइगमध्ये तीस वर्षं झाली, आणि त्यातली पहिली वीस नुसती हरीशरावांची बायको म्हणून गेली. हरीशराव गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. कुंदाताई लग्नाआधी पुण्यात मोडी कागदपत्रं वाचायच्या, पण इथे मोडीला कोण विचारतो? मग एकदा वरच्या मजल्यावरच्या म्हातारबाईंनी आपल्या आजीची पत्रं दाखवली. जुन्या वळणाचं जर्मन अक्षर, त्यांचं त्यांनाच लागत नव्हतं. कुंदाताईंनी तीन महिन्यांत ते वळण बसवलं आणि गावाला वाचणारी बाई मिळाली. स्वतःच्या आजीचं अक्षर लावायला या लोकांना शनिवार पेठेतली बाई लागावी, याची त्यांना मनातून भारी गंमत वाटे.

सवय मात्र मोडीचीच. मोठ्याने वाचायचं. डोळा अडला की कान सोडवतो.

या मार्चमध्ये फ्राऊ हाइडेकर एक खोकं घेऊन आल्या. बाई गावच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्ष. कुंदाताईंकडे येणारं सगळं काम त्यांच्याच हातून येई. त्यांचे पणजोबा चीनमध्ये कॅन्टनला जर्मन कॉन्सुल होते. तेव्हा तिथे बादशाही होती आणि नदीवर चाचे वाफेच्या बोटी लुटत होते. पणजोबांनी इतर देशांच्या कॉन्सुलांना गोळा करून सुभेदाराला बजावलं होतं, की चाच्यांचा बंदोबस्त करा, नाहीतर आमच्या तोफांच्या बोटी नदीत शिरतील. या पराक्रमाचं घरच्यांना पुस्तक काढायचं होतं.

सुभेदाराचं उत्तर कॉन्सुलने स्वतः जर्मनमध्ये उतरवून घेतलेलं होतं. सात चाचे पकडले, सातांची मुंडकी उडवली. खाली नावं. कुंदाताई वाचत गेल्या. सातवं होतं लिआंग आ फू.

"कोण आलंय गं?" हरीशरावांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"कोणी नाही हो."

"मग तुझ्याबरोबर वाचतंय कोण?"

सकाळचे अकरा वाजलेले, खोलीत लख्ख ऊन, आणि कुंदाताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. सातव्या नावापुढे कॉन्सुलच्याच हाताने पेन्सिलीत लिहिलं होतं: हा लुटलेल्या बोटीचा सुकाणूवाला. माझ्याकडे साक्ष द्यायला आला होता. सुभेदाराला सात माणसं भरायची होती. मी गप्प राहिलो.

संध्याकाळी आलेल्या फ्राऊ हाइडेकरांनी ती ओळ ऐकली आणि चष्मा काढून पुसला.

"आल्झो, असं करा, तिथे उनलेझरलिश लिहा. वाचता येत नाही. एरवीही लिहिताच की तुम्ही."

"पण मला वाचता आलंय."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तुम्हाला एकटीला."

यातली मेख कुंदाताईंना बरोबर कळली. काम सुटलं की पुन्हा नुसती पोळी-भाजी. त्यांनी मान खाली घालून तो शब्द टाइप केला आणि खोकं परत दिलं. स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

दोन दिवसांनी एका बेकरीवाल्याची पत्रं वाचताना तो आवाज पुन्हा आला. त्यांच्या मागोमाग, घशात पाणी असल्यासारखा. कुंदाताई मनातल्या मनात वाचू लागल्या, तर डोकं भणभणायला लागलं. मग एका दुपारी इमारतीचा कारभार बघणाऱ्या हाउसफरवाल्टुंगचं हीटिंगबद्दलचं पत्र त्या हरीशरावांना वाचून दाखवत होत्या. ऐकता ऐकता हरीशराव पांढरेफटक पडले.

"कुंदा, लिआंग आ फू कोण? दर ओळीच्या शेवटी तू त्याचं नाव घेते आहेस."

"मी? अहो, काहीतरीच काय!"

पण कुंदाताईंनी तडक फोन लावला. नाव छापा, नाहीतर वाचणारी म्हणून माझं नाव काढा, असं फ्राऊ हाइडेकरांना सांगितलं. पलीकडून शांत उत्तर आलं, की ते पान सकाळीच यंत्रात घालून बारीक केलं. मूळ कागदांचे फोटो काढायला त्यांनी आधीच मनाई केली होती.

आता तो माणूस जगात फक्त कुंदाताईंच्या तोंडात उरला होता. त्या तशाच लिहायला बसल्या. सातही नावं लिहिली, पेन्सिलीची ओळ जशीच्या तशी लिहिली, खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि मंडळाच्या चाळीसही सभासदांना पाठवून दिलं. पुरावा काय, असं सगळे विचारणार होते. त्या दिवसापासून त्यांच्याकडे एकही खोकं आलं नाही.

पाठवून झाल्यावर त्यांनी ती नावं मोठ्याने वाचली. सातवं वाचून थांबल्या. खोलीत त्यांचा एकटीचाच आवाज होता.

"गेला का गं तो?" हरीशरावांनी दारातून विचारलं.

"हो," म्हणून कुंदाताई ढसाढसा रडायला लागल्या. शंभराहून जास्त वर्षं त्या माणसाला एवढंच हवं होतं, आणि तेवढं द्यायला त्यांनाही नऊ दिवस लागले होते.