निरोपाचा सराव

सरोजा मॅडमसमोर एखाद्या मुला-मुलीविषयी बोलायला तोंड उघडलं, की त्या हात वर करून थांबवायच्या. "आधी तिला विचारा ताई. ती इथंच बसलेली हाय."

नांदेडला विद्यापीठात स्वमग्न मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी एक केंद्र चालतं. मॅडम तिथं समुपदेशक होत्या. मूळच्या देगलूरच्या, त्यामुळे बोलण्यात मधूनच तेलुगू यायची. माझी पल्लवी तेव्हा सात वर्षांची. बोलत नव्हती, दोन्ही कान दाबून किंचाळायची. नायगावहून तिला घेऊन मी पहिल्यांदा गेले आणि खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाले, "हिला काही कळतच नाही हो..." मला थांबवून मॅडम पल्लवीसमोर खाली बसल्या. "बंगारम, तुझी आई तुझ्याबद्दल सांगणार हाय. चालंल?" बंगारम म्हणजे सोनं. पल्लवीची नजर वर पंख्यावर होती. मॅडमनी उठून पंखा बंद केला. हळूहळू तिचे हात कानांवरून खाली आले. "चालंल म्हणती. सांगा आता," मॅडम म्हणाल्या. तिला काही विचारता येतं, हे मी तोवर मनात आणलं नव्हतं.

पुढं माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. "बँडबाजात पोरगी ओरडंल, पाहुण्यांत शोभा होईल. तिला शेजाऱ्यांकडं ठेवा," असं माझ्या चुलत सासऱ्यांनी ठरवून टाकलं. मी फोनवर रडले. "ठेवू नका. फिकीर करू नका, मी येते," मॅडम म्हणाल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्या खरंच नायगावला आल्या. पल्लवीला घेऊन रिकाम्या मांडवात फिरल्या, तिला ढोलाला हात लावू दिला, मागच्या बाजूला एक शांत खोली दाखवून ठेवली. दुसऱ्या दिवशी कानांवर जाड हेडफोन घालून पल्लवी शेवटच्या रांगेत त्यांच्याशेजारी बसली. मधून मधून उठून त्या खोलीत गेली आणि आपणहून परत आली. अक्षता पडल्या तेव्हा ती मांडवातच होती.

चुलत सासरे मॅडमना म्हणाले, "पोरगी गुणानं बसली की."

"मला कशाला सांगता काका? तिला सांगा."

म्हातारे अवघडले. मग वाकून, जरा जोरातच म्हणाले, "पल्लवे, चांगली बसलीस." घरात तिच्याशी बोलायची सुरुवात तिथून झाली.

चार वर्षांनी लातूरच्या एका महाविद्यालयात असंच केंद्र निघालं आणि ते उभं करायला मॅडमना बोलावणं आलं. "एकदम गेले तर लेकरांना वाटंल, माणूस असाच गायब होतो," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या जाण्याचा सराव घ्यायला लागल्या. आधी अर्धा तास शेजारच्या खोलीत जाऊन बसायच्या. मग एक आठवडा सोडून यायला लागल्या. त्यांच्या जागी आलेली फरहाना मुलांसोबत असायची. भिंतीवर केंद्राचं एक चित्र होतं, त्याच्याशेजारी लातूरच्या एसटीचं चित्र लावलं. मॅडमचा छोटा फोटो अजून केंद्राच्या चित्रावर होता. तो गाडीवर कधी जाणार, हे त्या मुलांना पुन्हा पुन्हा समजावून सांगत.

शेवटच्या दिवशी आम्ही आया साडी घेऊन गेलो होतो. ती मॅडमच्या हातात दिली. तोवर दोन-चार शब्द बोलायला शिकलेली पल्लवी उठली. तिनं मॅडमचा फोटो काढला आणि एसटीवर चिकटवला. "लातूर," ती म्हणाली. मग फरहानाचं बोट धरून अंगणातल्या झोपाळ्याकडे गेली. मागं वळून पाहिलं नाही.

"जमलं की," मॅडम म्हणाल्या.

"बोलवू का तिला?"

"नको. खेळून राहिली ती."

मी पाण्याचा ग्लास दिला. तो तसाच हातात धरून त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. बाहेर झोपाळा वरखाली होत होता. गाडीची वेळ झाल्याचं मी सांगितलं, तरी त्या खिडकीपासून हलल्या नाहीत. ती गाडी गेली. मॅडम पुढच्या गाडीनं गेल्या.