न केलेल्या काशीचं मावंदं

हुपरीत बसमधून उतरताच केळीवाल्या पिराजीनं विठाबाईच्या पायांना हात लावला.

"काशी करून आलासा मावशी. आमचाबी नमस्कार पोचला आसंल न्हवं?"

"कुठली काशी रं?" असं ती म्हणेपर्यंत त्याच्याकडं गिऱ्हाईक आलं.

दारात पोचली तर मांडव. केळीचे खुंट, चुलीवर गव्हाच्या खिरीचं पातेलं आणि पाटावर हळदकुंकू वाहिलेला गंगेचा तांब्याचा गडू. काशीहून आलेल्या माणसाचं मावंदं घालतात, गडू पुजतात, गल्ली जेवायला बोलावतात. पण विठाबाई गेली होती अंदमानला. एकटी.

ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. मागोमाग मुलगा विश्वजित आणि दीर गणपतराव.

"आई, वरडू नको. तू गेल्यावर लोकं इचाराय लागली. काकांनी काशी म्हणून सांगितलं. मग मावंदं घालाय नको व्हय?"

"आनी गडू?"

"कोल्हापुरात मिळतोय की, महाद्वार रोडला."

विठाबाईच्या अंगाची लाही झाली. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं तिनं एकटीनं घर ओढलं होतं. ज्योतीवर फुंकणी फुंकून चांदीच्या पैंजणांना घुंगरू झाळता झाळता, डाग देऊन जोडता जोडता डोळे अधू झाले. तेव्हा ती एकटी आहे हे ह्या घरात कुणाला खुपलं नव्हतं. समुद्र बघायला निघाली, तर ते काशीखाली झाकायचं?

"चोरी केली काय मी? सा दिवस एकटी राहिलो, धडधाकट परत आलो. ह्यात लपवायसारखं काय हाय?"

"वहिनी, आजच्यापुरती गप बसा," गणपतराव म्हणाले. "बाई एकटी बेटावर हिंडली म्हटल्यावर आमच्या पोरीला सोयरीक यायची न्हाय. घराच्या अब्रूचा परश्न हाय."

"माझ्या फुंकणीवर घर चाललं, तवा कुठं गेलती अब्रू?"

पण बाहेर बायका जमल्या होत्या. अनुजानं, सुनेनं, सासूला हाताला धरून पाटावर नेलं. समोर शेजारची चिमणाबाई बसलेली. सत्तरी ओलांडलेली, जयसिंगपूरच्या पुढं कधी न गेलेली. तिनं गडूला हात जोडले आणि डोळे भरून विचारलं, "विठे, गंगा कशी दिसती गं?"

विश्वजितनं मान खाली घातली. विठाबाईनं त्या म्हातारीच्या तोंडाकडं बघितलं. हिच्याशी खोटं बोलायचं?

"म्या न्हाय बघितली गंगा. मी अंदमानला गेलतो. ह्यो गडू महाद्वार रोडचा हाय."

मग मागनं कुणीतरी फिसकन हसलं.

"एकटी?" चिमणाबाईनं विचारलं.

"एकटी."

"आगं बया! भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं की. म्हणून उजेडातच बोट गाठायचो. शेवटच्या बोटीच्या भरवशावर न्हाय राह्यलो. उतरायची जागा बाईमाणसाचीच शोधली. सकाळी कुठं जातोय ते तिला सांगायचो, आलो की हाक मारायचो. पोराचा नंबर कागदावर लिहून पोलक्यात ठेवलता, मोबाइल बंद पडला तर."

"आनी समुद्र?"

"त्यात उतरलो. जाकीट घालून, तोंडात नळी धरून. शिकवणारा म्हणाला, मावशी, पयल्या झटक्यात कुणाला जमत न्हाय. म्हटलं, बाबा, तीस वर्सं फुंकणी धरल्या ह्या तोंडात." ती हसली. "खाली मासं बघितलं, हळदीसारखं पिवळंधमक. पायाला हुंगून गेलं."

बायका पाट सरकवत जवळ आल्या. वाढायचं राहिलं. अनुजा डाव हातात घेऊन तशीच उभी.

"आत्याबाई," तिनं हळूच विचारलं, "खोलीची कडी आतनं नीट लागती का?"

"लागती. खोली घ्यायच्या आदी लावून बघायची."

"मग पुढच्या बारीला मीबी येतो."

"अनुजा!" विश्वजित ओरडला. ती वळली नाही.

गणपतराव चपला शोधायला लागले. विठाबाईनं गडू उचलून बाजूला ठेवला आणि पत्रावळी मांडायला घेतल्या.

"भावजी, उपाशी जाऊ नकासा. खीर खावा. तुमच्याच काशीची हाय."